नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

सामान्य काळातील एकविसावा रविवार (वर्ष अ)
शुभवर्तमान : मत्तय १६:१३-२०



बाप्तिस्म्याचा विधी मंदिराच्या दाराशी सुरू होतो. आईच्या हातात बाळ असते, शेजारी गॉडफादर आणि गॉडमदर उभे असतात. धर्मगुरू आईवडिलांना सर्वांत आधी विचारतात ते बाळाचे नाव. पाणी नंतर, तेल नंतर, मेणबत्ती नंतर. आधी नाव. त्या नावाने ख्रिस्तसभा त्या बाळाला हाक मारते. त्याच नावाने पुढे विवाहाची वचने घेतली जातात. अखेरच्या दिवशी वेदीसमोर पेटी ठेवलेली असते, तेव्हाही तेच नाव घेऊन आपण प्रार्थना करतो.

ही झाली आयुष्याची दोन टोके. पण मधल्या साठ-सत्तर वर्षांत माणसाला आणखी किती नावे पडतात! शाळेच्या पहिल्या महिन्यातच हजेरीपटावरचे नाव बाईंपुरते उरते. मैदानावर कोणी 'जाड्या' होतो, कोणी 'बुटक्या', कोणी 'चष्मिस', कोणी 'काळू'. ज्याला गणित येत नाही त्याला तर नावसुद्धा पूर्ण मिळत नाही. त्याचे एका अक्षरात भागवले जाते : 'ढ'. कॉलेजात गेल्यावर नवे नाव. विरार लोकलच्या ग्रुपमध्ये आणखी एक. नोकरीत रोज पाच मिनिटे उशिरा येणारा 'लेट लतीफ', साहेबांशी दोन शब्द नीट बोलणारा 'चमचा', वॉर्डात शिस्त ठेवणारी सिस्टर 'हिटलर'. निवृत्तीच्या दिवशी सेंड-ऑफची भाषणे होतात आणि शेवटी कोणीतरी ते नाव काढतोच. सगळे हसतात. ज्याचे नाव आहे तोही हसतो. हसण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग तरी कोणता असतो?

सगळीच टोपणनावे वाईट असतात असे नाही. आपल्या गावांत एकाच आळीत चार जोसेफ आणि तीन मेरी असतात, आडनावेही तीच. मग घरावरून, विहिरीवरून, वाडवडिलांच्या धंद्यावरून ओळख सांगावी लागते. आजीने लाडाने ठेवलेले 'बाळू' किंवा 'बेबी' साठीतही अंगाला चिकटून राहते आणि कोणी त्या नावाने हाक मारली की आजी आठवते. अशा नावांत माया असते. ती नावे कोणी टाकून द्यावीत असे आम्ही म्हणणार नाही.

पण आपल्या मराठी भाषेने एक फरक फार जपून ठेवला आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे. 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा. दोहोंत फरक फक्त एका मात्रेचा. बारशाच्या नावात आपण लेकराला काहीतरी देतो, निंदेच्या नावात त्याच्याकडून काहीतरी काढून घेतो. आज आपण त्या एका मात्रेवर मनन करू या.

लोक काय म्हणतात

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू फिलिप्पाच्या कैसरियाच्या परिसरात आला आहे. तेथे तो आपल्या शिष्यांना विचारतो, की लोक त्याला कोण म्हणून ओळखतात. शिष्य उत्तर देतात : कोणी बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात, कोणी एलिया, कोणी यिर्मया, कोणी संदेष्ट्यांपैकी एक.

शिष्यांनी त्याला चांगली नावे तेवढी सांगितली. बाकीची ते गिळून गेले. आपणही असेच करतो. मित्राला त्याच्या पाठीमागे लोक काय म्हणतात, ते त्याच्या तोंडावर कोण सांगणार?

पण येशूला ती नावे ठाऊक नव्हती का? याच शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात तो स्वतःच सांगतो, की लोक त्याला खादाड आणि दारूबाज म्हणतात, जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र म्हणतात. त्याच्या गावचे लोक त्याला सुताराचा मुलगा म्हणून बाजूला सारतात. त्याच्या गावाचे नाव ऐकूनच नथनेल नाक मुरडतो. मंदिरात त्याला शोमरोनी म्हणतात, भूत लागलेला म्हणतात. शेवटी सैनिक गुडघे टेकून थट्टेने ज्या नावाने त्याला हाक मारतात, तेच नाव आरोप म्हणून पाटीवर लिहून त्याच्या मस्तकावर, क्रूसावर लावले जाते.

तेव्हा वर्गात, स्टाफरूममध्ये किंवा कारखान्यात जो माणूस आपले नाव ऐकून खाली मान घालून हसतो, त्याचे दुःख प्रभूला नुसते ऐकून माहीत नाही. ते त्याने सोसलेले आहे.

आणि एक गंमत पाहा. 'पापी लोकांचा मित्र' हे नाव लोकांनी त्याला हिणवण्यासाठी दिले होते. आज आपण पापनिवेदनासाठी रांगेत उभे राहतो ते कोणत्या भरवशावर? त्याच नावाच्या.

बुडणारा खडक

लोकांचे ऐकून झाल्यावर येशू शिष्यांचे मत विचारतो. शिमोन आपला विश्वास प्रकट करतो आणि येशू त्याला नवे नाव देतो. येशूच्या अरामी बोलीत 'केफा', ग्रीक भाषेतून आपल्याकडे आलेले 'पेत्र'. अर्थ एकच : खडक.

शिमोन खरोखरच खडकासारखा होता का? दोन रविवारांपूर्वी आपण ऐकलेले शुभवर्तमान आठवा. तो मोठ्या धिटाईने नावेतून उतरला, वारा पाहून घाबरला आणि बुडू लागला. नावेतल्या सोबत्यांना त्या रात्री त्याचे नाव ठेवायला सांगितले असते, तर त्यांनी 'बुडक्या' ठेवले असते आणि ते त्याला मरेपर्यंत पुरले असते. त्याचा हात धरून त्याला वर काढणाऱ्यानेही तेच पाहिले होते. किंबहुना त्यालाच ते सर्वांत जवळून दिसले होते. तरी त्याने नाव दिले ते खडक.

जगाने दिलेले नाव मागे बघत असते : तू काय केलेस, तू कुठे पडलास, तुझ्या अंगात काय कमी आहे. प्रभूने दिलेले नाव पुढे बघते : मी तुझे काय करणार आहे. आज आपल्याला एवढे एक वाक्य घरी नेता आले तरी पुरे.

"पण फादर, मग कोणाची चूक दाखवायचीच नाही का?" असे कोणी विचारील. जरूर दाखवावी. पुढच्या रविवारी याच अध्यायाचा पुढचा भाग आपण ऐकू. क्रूसाची वाट सोडून दे, असे पेत्र येशूला सांगू लागतो आणि येशू त्याला सैतान म्हणतो, अडखळण म्हणतो. केवढा कठोर शब्द! पायाचा खडक क्षणात वाटेतली ठेच झाला. पण तो शब्द येशूने एकदाच उच्चारला, पेत्राच्या तोंडावर, त्या चुकीपुरता. त्याचे त्याने टोपणनाव केले नाही. सहा दिवसांनी तो त्याच पेत्राला बरोबर घेऊन उंच डोंगरावर गेला आणि आपले तेज त्याला दाखवले. पुढे पेत्राने त्याला तीन वेळा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी येशूने त्याला तीन वेळा हाक मारली, ती त्याचे आणि त्याच्या वडिलांचे नाव घेऊन. 'नाकारणारा' असे नाव त्याला कोणी दिले असते तर ते खोटे ठरले नसते. पण ते प्रभूच्या ओठांवर कधी आले नाही.

चूक दाखवणे वेगळे आणि चुकीलाच माणसाचे नाव करून टाकणे वेगळे. पहिल्यात सुधारायला वाट असते. दुसऱ्यात ती वाट बंद होते. म्हणूनच डोंगरावरील प्रवचनात येशू खून करू नये या आज्ञेबद्दल बोलता बोलता एकदम भावाला मूर्ख म्हणून हिणवण्यावर येतो. आपल्याला ही उडी मोठी वाटते. येशूला ती मोठी वाटली नाही. पापनिवेदनाची तयारी करताना खोटे बोलणे, राग, मिस्सा चुकवणे हे सारे आपण आठवतो. कोणाला ठेवलेले नाव मात्र आपल्याला आठवत नाही, कारण ती 'गंमत' होती.

मुका बैल

तेराव्या शतकात जर्मनीतील कोलोन शहरात एक इटालियन विद्यार्थी शिकत होता. अंगाने आडमाप आणि स्वभावाने अबोल. सोबतच्या विद्यार्थ्यांनी त्याला 'मुका बैल' असे नाव पाडले. आपल्या भाषेत सांगायचे तर ते त्याला 'ढ' समजत. त्याचे गुरू होते संत आल्बर्ट. असे सांगतात, की गुरूंनी वर्गाला बजावले, हा बैल एक दिवस असा हंबरेल की साऱ्या जगाला ऐकू जाईल. तो विद्यार्थी म्हणजे संत थॉमस अक्वायनस. १२७४ साली, पन्नाशीच्या आत तो प्रभुघरी गेला. १३२३ साली ख्रिस्तसभेने त्याला संत घोषित केले आणि १८८० साली पोप तेरावे लिओ यांनी त्याला कॅथलिक शाळा-विद्यापीठांचा आश्रयदाता संत ठरवले. मुका म्हटलेल्या त्या मुलाचे ग्रंथ आज साडेसातशे वर्षांनंतरही सेमिनरीत शिकवले जातात.

गुरूंनी काय केले ते नीट बघा. त्यांनी मुलांना शिक्षा केली असे कोणी सांगत नाही. त्यांनी तेच नाव उचलले आणि त्याचे तोंड भविष्याकडे फिरवले. शिक्षकांनो, आईबाबांनो, एका वाक्याने हे होऊ शकते.

दुसरे उदाहरण कुपर्टिनोच्या संत जोसेफचे. जन्म १६०३ साली, दक्षिण इटलीत. हा मुलगा आपल्याच तंद्रीत तोंड उघडे टाकून बसे. म्हणून शाळासोबती त्याला 'उघड्या तोंडाचा' म्हणत. अभ्यासात तो फार मागे होता. पुढे तो धर्मगुरू झाला, संत झाला आणि आज जगभरातले विद्यार्थी परीक्षेला जाताना त्याचीच मध्यस्थी मागतात. ज्याला शाळेने हसून बाजूला केले, त्याच्याकडेच शाळेची मुले आता धाव घेतात.

आमची कबुली

हे सारे आम्ही तुम्हाला सांगत आहोत, पण आम्हीही या बाबतीत सोवळे नाही. जे घडले ते त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहोत. ते गाव आपल्या धर्मग्रामातले नव्हे.

आमच्या शाळेच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलत असे. इतर शब्द कसेबसे निघत, पण स्वतःचे नाव सांगताना तो हमखास अडायचा. नवे सर आले, की प्रत्येकाने उभे राहून आपले नाव सांगायचे असे. त्याची पाळी जवळ येऊ लागली की त्याचे कान लाल होत. पहिले अक्षर पुन्हा पुन्हा येई, पुढचे काही निघत नसे. एके दिवशी मागच्या बाकावरून कोणीतरी त्या आवाजावरून एका यंत्राचे नाव घेतले. सारा वर्ग हसला. सरही हसले. त्या तासापासून त्या मुलाला तेच नाव पडले.

'आम्ही मुलांनी ते नाव पाडले,' असे म्हणून आजवर आम्ही सुटत आलो. 'आम्ही' हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या गर्दीत एकटा माणूस लपून जातो. पण मागच्या बाकावरून ते नाव ज्याने पहिल्यांदा घेतले, तोच आज या पानावर हे लिहीत आहे.

तो मुलगा हुशार होता, हाताचा कसबी होता. आयटीआय करून तो एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. पहिल्या दिवशी गेटमधून आत जाताना त्याला वाटले असेल, की येथे आपल्याला कोणी ओळखत नाही, येथे नव्याने सुरुवात करता येईल. पण महिनाभरातच आमच्या वर्गातला आणखी एक जण त्याच खात्यात आला. त्याच्याबरोबर ते नावही गेटमधून आत शिरले. पुढे तीसहून अधिक वर्षे पगाराच्या चिठ्ठीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे. बढतीची संधी आली तेव्हा चार माणसांपुढे बोलावे लागेल म्हणून त्यांनी स्वतःच नकार दिला. त्यांच्या मुलाला शाळेत चिडवायचे ते बापाच्याच नावाने. एका मिनिटाची गंमत दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचली होती.

काही वर्षांपूर्वी ते फार आजारी असल्याचा निरोप आला. आम्ही आजाऱ्यांचा संस्कार द्यायला गेलो. प्रार्थना झाली, पवित्र कम्युनियन झाले. पत्नी आत सरबत करायला गेली. ते उशीला टेकून बसले आणि सावकाश, अडखळत म्हणाले :

"फादर, एक काम कराल? मी गेल्यावर नाक्यावर फलक लागेल. पोरं त्यावर कंसात ते नाव लिहितील. नाहीतर कोण गेलं ते लोकांना कळायचं नाही. तेवढं लिहू देऊ नका. लोकांना नाही कळलं तरी चालेल. देवाला कळेल."

आम्ही त्यांची क्षमा मागितली. प्रवचने करून सरावलेली आमची जीभ, पण त्या दिवशी शब्द आमच्याच तोंडून अडखळत बाहेर पडले. ते थोडे हसले. म्हणाले, "तुम्हाला आठवतं होय? मला वाटलं, विसरला असाल."

ज्याने नाव ठेवले तो विसरतो. ज्याला ठेवले तो विसरत नाही.

ते गेले तेव्हा फलकावर त्यांचे बाप्तिस्म्याचे पूर्ण नाव लिहिले गेले. कंस नव्हता. आणि खरोखरच नाक्यावर माणसे थांबून विचारत होती, "हे कोण हो?" त्यांच्याबरोबर तीस वर्षे डबा खाल्लेली माणसे विचारत होती. अंत्यविधीच्या मिस्सेत आम्ही ते नाव सावकाश, एकेक अक्षर उच्चारून घेतले. ते टोपणनाव मात्र आम्ही येथे छापलेले नाही. का, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

मोशे स्वतः देवाला म्हणाला होता, की आपली जीभ जड आहे, आपल्याला बोलता येत नाही. जळत्या झुडपातून देवाने त्याला हाक मारली ती त्याच्या नावाने, एकदा नव्हे, दोनदा. आमच्या त्या मित्रालाही पलीकडच्या काठावर तशीच हाक ऐकू आली असेल, अशी आमची श्रद्धा आहे.

नाव आतवर जाते

बाहेरून पडलेले नाव हळूहळू आत उतरते आणि माणूस स्वतःच स्वतःला त्या नावाने हाक मारू लागतो. रूथच्या पुस्तकातील नामी आठवा. नवरा गेला, दोन्ही मुले गेली. ती बेथलेहेमला परत आली तेव्हा बायकांना म्हणाली, की मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. दुःखाने तिने स्वतःचेच नाव बदलले. पण पवित्र शास्त्राने तिचे ऐकले नाही! त्या ओळीनंतरही ते पुस्तक तिला नामीच म्हणते. आणि शेवटी त्याच गावातल्या बायका तिच्या मांडीवरचे नातवंड पाहून देवाची स्तुती करतात.

आपल्यातही अशा मारा आहेत. 'मी ढच', 'मी करंटी', 'माझ्याने काही होणार नाही' असे जे स्वतःला म्हणतात, त्यांना आज आम्ही एवढेच सांगू इच्छितो : तुम्ही स्वतःला ठेवलेले ते नाव देवाने मान्य केलेले नाही.

उत्तेजनाचा पुत्र

सोबत काम करणाऱ्यांनी दिलेले एक चांगले नावही नव्या करारात आहे. सायप्रस बेटावरचा एक लेवी होता, नाव योसेफ. प्रेषितांनी त्याचे नाव ठेवले बर्णबा, म्हणजे उत्तेजनाचा पुत्र, धीर देणारा. त्या नावाला तो कसा जागला ते प्रेषितांच्या कृत्यांत वाचा. शौल ख्रिस्ती लोकांना छळणारा म्हणून इतका ओळखला जात होता, की त्याचे परिवर्तन झाले तरी यरुशलेममधले शिष्य त्याला जवळ करेनात. बर्णबाने त्याला बरोबर घेतले आणि प्रेषितांपुढे नेले. पुढे योहान मार्क अर्ध्या वाटेवरून परतला म्हणून पौल त्याला नेईना. तेव्हा बर्णबाने पौलाशी वाद घातला आणि मार्कला आपल्याबरोबर घेतले. दुसऱ्यावर बसलेला शिक्का पुसणे हेच जणू या माणसाचे काम होते. पुढे तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असा निरोप आपण वाचतो. 'पळपुटा' हे नाव बर्णबाने त्याला चिकटू दिले नाही.

आपल्या ऑफिसात, वर्गात, युवक मंडळात एक तरी बर्णबा आहे का?

आपलेही नाव

आणखी एक गोष्ट. आपण ख्रिस्ती म्हणूनही कधीतरी नावे ऐकलेली आहेत. मुंबईत 'पाववाला' म्हणून चिडवले गेलेली माणसे आपल्यात आहेत. ते ऐकताना छातीत कसे दुखते, ते त्यांना विचारा. मग आपल्या वाडीत भाजी खुडायला, घर बांधायला, पाणी भरायला जो परप्रांतातून येतो, त्याला आपण कोणत्या नावाने हाक मारतो? त्याच्या आईनेही त्याचे नाव ठेवले आहे. सहा-सहा महिने तो आपल्या अंगणात राबतो आणि ते नाव आपण विचारलेले नसते.

'ख्रिस्ती' हे आपले नाव तरी कोठून आले? शिष्यांना हे नाव प्रथम अंत्युखिया येथे मिळाले. ते त्यांनी स्वतः घेतले नव्हते, लोक त्यांना तसे म्हणू लागले. त्यांनी ते नाव असे जगून दाखवले, की आज आपण ते अभिमानाने सांगतो.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात (१९९२) परिच्छेद क्रमांक २१५८ मध्ये सांगितले आहे, की देव प्रत्येकाला त्याच्या नावाने बोलावतो, म्हणून प्रत्येकाचे नाव पवित्र आहे आणि त्या नावाचा मान राखणे म्हणजे त्या माणसाचा मान राखणे. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये या आज्ञेखालीच ही शिकवण आली आहे. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. देवाच्या नावाबरोबर शेजाऱ्याचे नावही त्या आज्ञेच्या छायेत येते.

या आठवड्यात

शाळा-कॉलेजे सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले. एव्हाना वर्गावर्गांत नावे पडून गेली असतील. नोकरीच्या ठिकाणी तर ती जुनीच आहेत. तेव्हा नुसते ऐकून घरी न जाता काही करू या.

आईबाबांनी घरात मुलाला त्याच्या रंगावरून, मार्कांवरून, अंगलटीवरून हाक मारू नये. बाहेरच्या जगात ते नाव त्याला मिळेलच. निदान घरी तरी त्याचे खरे नाव असू द्या.

आपल्या मोबाइलमध्ये कोणाचा नंबर कोणत्या नावाने ठेवला आहे, ते आज रात्री एकदा पाहा. जे नाव त्या माणसाला दाखवायची लाज वाटेल, ते बदला.

ज्याला तुम्ही वर्षानुवर्षे टोपणनावाने हाक मारता, त्याला एकटे गाठून विचारा, "तुला हे नाव आवडतं का रे?" तो लगेच "आवडतं की" म्हणेल. जरा थांबा. पुन्हा विचारा. नाही म्हणाला तर सोडून द्या आणि ग्रुपमध्येही तसे सांगा. आपण ठेवलेले नाव आपणच काढायला हवे. ते काम दुसरा कोणी करणार नाही.

आणि ज्यांना नाव पडले आहे त्यांनी, "मला हे नाव नको," एवढे म्हणण्याचा संकोच करू नये. तो गर्व नव्हे. बाप्तिस्म्याच्या दिवशी जे मिळाले, तेच तुम्ही मागत आहात.

आमच्या मित्राला हे आम्ही वेळेवर विचारले नाही. तुमच्या मित्राला विचारायला तुमच्याकडे अजून वेळ आहे.

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात एक वचन आहे. जो विजय मिळवील त्याला प्रभू एक पांढरा खडा देईल. त्यावर नवे नाव लिहिलेले असेल आणि ते घेणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणालाही ते ठाऊक नसेल. म्हणजे आपले शेवटचे नाव अजून ठेवले जायचे आहे. ते वर्ग ठेवणार नाही, ऑफिस ठेवणार नाही, नाक्यावरची मंडळीही ठेवणार नाहीत. ज्याने बुडणाऱ्याला खडक म्हटले, तोच ते ठेवणार आहे.

प्रार्थना करू या :

हे प्रभो येशू, तुलाही लोकांनी नावे ठेवली आणि तू ती क्रूसापर्यंत सोसलीस. आम्ही गमतीने ज्यांची मने दुखावली, त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांला दे. जे आज कोणा एका नावाखाली वाकून चालत आहेत, त्यांना तू त्यांच्या खऱ्या नावाने हाक मार. आणि आमच्या तोंडून जेव्हा कोणाचे नाव निघेल, तेव्हा तू ते ऐकत आहेस याची आम्हांला आठवण राहू दे. आमेन.